जिऱ्याचा दहावा भाग

जिरे किती लहान! चिमटीत कितीतरी दाणे मावतात. असे जिरे मोजून त्यांचा दहावा भाग देवाच्या नावाने काढून ठेवणारी माणसे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यहूदी लोकांच्या देशात होती. त्यांना परुशी म्हणत. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात येशू ख्रिस्त ह्याच जिऱ्यावरून त्यांना आणि शास्त्र्यांना जाब विचारतो.

हा दहावा भाग कशासाठी, ते आधी पाहू. त्याला दशांश म्हणत. यहूद्यांच्या पूर्वजांनी जमीन वाटून घेतली, तेव्हा लेवी नावाच्या वंशाला शेतीचा वाटा मिळाला नाही. त्यांच्याकडे देवाच्या सेवेचे काम. मग त्यांनी खावं काय? म्हणून इतरांनी पिकाचा दहावा भाग द्यावा, असे नियमशास्त्रात ठरले. शिवाय दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच ठेवायचा आणि लेवी, परका माणूस, पोरके पोर व विधवा ह्यांनी त्यातून पोटभर जेवायचे. म्हणजे हा नियम भुकेल्याच्या ताटासाठीही होता. हे ध्यानात ठेवा, बरं का. सगळी गोम इथेच आहे.

नियमात धान्य, द्राक्षारस आणि तेल ह्यांची नावे आहेत. परुशी त्याच्याही पुढे गेले. पुदिना, शेपू, जिरे ह्यांचाही दहावा भाग ते काढू लागले. काढोत बापडे! येशू त्यांना नको म्हणत नाही. तेही करा, पण नियमशास्त्रातल्या जड गोष्टी सोडू नका, असे त्याचे सांगणे. त्या जड गोष्टी तीन : न्याय, दया आणि विश्वास.

मार्काच्या शुभवर्तमानात तो शास्त्र्यांविषयी सांगतो, की हे लोक दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. आता दोन्ही जुळवून पाहा. जिच्या जेवणासाठी दशांश ठरला, तिचेच घर गिळायचे. आणि वर जिरे मोजून द्यायचे!

येशूने दाखला दिला तोही मजेचा. द्राक्षारसात चिलट पडले तर पोटात जाऊ नये म्हणून ते गाळून काढायचे आणि उंट मात्र अख्खा गिळायचा. नियमशास्त्राप्रमाणे चिलट खाणे निषिद्ध, तसा उंटही निषिद्धच. ऐकणारी माणसे हसली असतील, असे आम्हाला वाटते.

माणूस असं का करतो? आमच्या मते कारण साधे आहे. जिरे देण्यात फारसे काही जात नाही आणि चार लोक बघतात. न्याय करायचा तर घेतलेले परत करावे लागते, कधी आपल्याच माणसाविरुद्ध बोलावे लागते. ते जड जाते.

मात्र परुशी म्हणजे ढोंगी, असे सरसकट समजू नये. येशू स्वतः यहूदीच होता, आणि न्यायाने वागा हे त्याच्या कित्येक शतके आधी मीखा ह्या यहूदी संदेष्ट्यानेही सांगितले होते. परुश्यांतही निकदेम नावाचा एक पुढारी होता. येशूला धरून आणायची बोलणी चालली, तेव्हा तो उभा राहिला. माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय, असे त्याने विचारले. नियम पाळणारे सगळे समोर बसले होते. त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. येशू गालील प्रांतातला, म्हणून तूही गालीलकर की काय, असे म्हणून त्यांनी त्यालाच हिणवले.