डोलकाठीवरचा दिवा मंद का होतो?

शिडाची एक जुनी नौका रात्री किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी आहे, अशी कल्पना करा. तिच्या डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा नुसता मिणमिणतो आहे. मालकाने बल्ब बदलला, बॅटरी चार्ज करून घेतली, तरी दिवा तसाच! डोलकाठीत जाणारी तार बल्बापाशी सोडवून तिच्या टोकांना व्होल्टमीटर लावला, तर तो पुरे १२ व्होल्ट दाखवतो. मग उजेड जातो कुठे?

डोलकाठी उतरवता यावी म्हणून तिच्यातून येणारी तार पायथ्याशी, डेकवर, प्लग व सॉकेटने जोडलेली असते. खरा चोर तेथे दडलेला असतो. समजा, दिवा २४ वॅटचा आहे. म्हणजे १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर प्रवाह वाहतो व त्याचा रोध ६ ओहम होतो. आता जोडणीवर गंजाचा थर चढून तेथे १.५ ओहम रोध निर्माण झाला. एकूण रोध ७.५ ओहम, म्हणून प्रवाह १.६ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला ९.६ व्होल्टच येतात आणि उरलेले २.४ व्होल्ट जोडणी तापवण्यात खर्च होतात. तंतूचा रोध कायम धरला, तर दिव्याची शक्ती सुमारे १५ वॅट भरते. शिवाय तंतू थंड झाल्याने प्रकाश त्याहूनही झपाट्याने घटतो. तो जवळजवळ निम्मा होतो.

मग व्होल्टमीटर खोटे बोलला का? नाही. त्याचा स्वतःचा रोध लाखो ओहम असतो. दिवा काढल्यावर मंडलातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि प्रवाह नाही, तर जोडणीत विभवपतनही नाही! म्हणून दोष शोधायचा तो दिवा चालू ठेवून. व्होल्टमीटरची टोके जोडणीच्या अलीकडे व पलीकडे, एकाच तारेवर लावा. चांगल्या जोडणीत वाचन जवळजवळ शून्य येते.

हा गंज येतो कसा? प्लगच्या धन व ऋण पिनांत १२ व्होल्टचे विभवांतर असते. त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा थर आला, की विद्युत अपघटन सुरू होऊन धन पिन झिजते आणि तिच्यावर हिरवट क्षार जमतात. ते विजेचे मंदवाहक असतात. त्यातच डोलकाठी ॲल्युमिनियमची व सॉकेट पितळी असेल, तर दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी असा एक विद्युतघटच तयार होतो. १८०० साली व्होल्टाने रचलेल्या घटाचे तत्त्व हेच. या घटात ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

दुरुस्ती करताना प्रथम बॅटरीचा खटका बंद करावा. खारे पाणी केशाकर्षणाने तारेच्या आत चढते व तांबे काळे पडते. म्हणून चकाकते तांबे दिसेपर्यंत तार मागे कापावी. नवी तार कल्हई केलेल्या, अनेक पदरी तांब्याची घ्यावी. तिच्या टोकाला थिंबल हत्याराने घट्ट दाबून बसवावी. नुसता डाख दिल्यास पदर ताठ होतात आणि डोलकाठीच्या कंपनांनी डाखाच्या कडेशी तुटतात. जोडावर गरम केल्यावर आकसणारी, आतून गोंद असलेली नळी चढवावी. पितळ व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये प्लॅस्टिकची चकती घालावी. शक्य तर जोडणी डेकखाली, कोरड्या जागी न्यावी.

एवढा खटाटोप कशासाठी? समुद्रातील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरपेक्षा लहान नौकेचा नांगरावरचा दिवा निदान २ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. जेमतेम तेवढाच दिसणाऱ्या दिव्याचा प्रकाश निम्मा झाला, तर तो सुमारे दीड मैलावरूनच दिसेल. ताशी २० सागरी मैल वेगाने येणारे जहाज उरलेला अर्धा मैल दीड मिनिटात कापते. जोडणीतला दीड ओहम खलाशांची अशी दीड मिनिटे खातो!

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि ५ ओहमचा रोधक एकसरीत जोडा. बल्ब काढून त्याच्या जागी व्होल्टमीटर लावा व वाचन घ्या. मग बल्ब बसवून, त्याच्या दोन टोकांशी पुन्हा वाचन घ्या. दोन वाचनांत किती फरक पडतो? तो फरक कोठे गेला, हे रोधकाच्या टोकांशी व्होल्टमीटर लावून तपासा. मात्र घरातल्या विजेच्या प्लगवर हा प्रयोग कदापि करू नका.