कंपाउंड धनुष्य : नवे घ्यावे की वापरलेले?

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूरच्या पट्ट्यात भिल्ल व पावरा कुटुंबांत तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. कामठा बांबूचा आणि प्रत्यंचाही बहुधा बांबूच्याच कामटीची. तो घरीच घडवला जात असल्याने नवा घ्यावा की जुना, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते. आता तो पडू लागला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात विश्वविजेते ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे नमवले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही घेतली जाणार आहे. मुलाचा किंवा मुलीचा हात चांगला असल्याचे प्रशिक्षकाने सांगितले की घरातले लोक हिशेब मांडू लागतात. वरच्या प्रतीचा संपूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो. कापूस वा केळीच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घरासाठी ही रक्कम थोडी नव्हे, आणि अशा वेळी कोणीतरी वापरलेले धनुष्य निम्म्या किमतीत मिळत असल्याची बातमी आणतो.

या बातमीची पहिली तपासणी अशी, की ते धनुष्य मुळात कशासाठी बनले आहे? अमेरिकेत तयार होणाऱ्या कंपाउंड धनुष्यांतील मोठा हिस्सा शिकारीसाठीचा असतो. असे धनुष्य आखूड आणि हलके असते. दोन चाकांच्या आसांमधील अंतर तीस इंचांच्या आसपास, तर ओढीचे वजन बरेचदा ७० पौंडांपर्यंत. स्पर्धेसाठीचे धनुष्य लांब आणि स्थिर असते व त्याच्या ओढीला ६० पौंडांची मर्यादा आहे. भारतात शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने ती बंद केली आहे आणि या कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाण हे ‘शस्त्र’ ठरते. लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात जाण्यासही मनाई आहे. यावल आणि अनेर धरण ही दोन अभयारण्ये याच परिसरात असल्याने, सरावाला म्हणून धनुष्य घेऊन त्या बाजूला फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. मुद्दा एवढाच, की स्वस्त मिळाले म्हणून शिकारीचे धनुष्य घेतले तर वर्षभरात ते बदलावे लागते आणि बचत हातची जाते.

वापरलेल्या कंपाउंडची खरी अडचण कळण्यासाठी त्याची रचना समजून घ्यावी लागते. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी या रचनेचे पेटंट १९६९ मध्ये मिळवले. पात्यांच्या टोकांवर विषमाकार चाके बसवून त्यांवरून दोरी व तारा फिरवल्या की, ओढ पूर्ण होताच हातावरचे वजन एकदम घटते. ६० पौंडांच्या धनुष्यात पंचाहत्तर टक्के सूट असेल तर पूर्ण ओढीला हाताला केवळ १५ पौंड पेलावे लागतात, म्हणून नेम धरायला निवांत वेळ मिळतो. मात्र या सोयीची किंमत पाती मोजत असतात. तीरकामठ्याची प्रत्यंचा काम झाल्यावर उतरवता येते, बांबू विसावतो. कंपाउंडची पाती भिंतीला टांगलेल्या अवस्थेतही ताणाखालीच असतात. ‘दोन वर्षे कोणी हातही लावला नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच फारसे दिलासादायक नाही.

त्यात खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या धनुष्याची काय गत होत असेल? उष्णतेने दोरीवरील मेण वितळते, दोरी किंचित लांबते, दोन्ही चाकांचा मेळ बिघडतो. पात्यांच्या थरांमधील डिंकही अशा तापाने कमकुवत होऊ शकतो. धनुष्य आजवर कुठे ठेवले जात होते, हा प्रश्न किती बाण सुटले यापेक्षा महत्त्वाचा आहे.

पाहणी दिवसाच्या उजेडात करावी. पात्यांवरून कापसाचा बोळा हळूच फिरवावा. जिथे सूक्ष्म तडा वा सुटलेली कपची असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. (या कामासाठी लागणाऱ्या कापसाची खानदेशात वाण नाही.) चाकांच्या कडांवर खाचा आहेत का, ती तिरपी फिरतात का, हे मागच्या बाजूने पाहावे. या खुणा अनेकदा बाण न लावता दोरी सोडल्याच्या असतात. अशा वेळी बाणाला मिळायची सारी शक्ती पात्यांत परतते आणि तडा पुढे कधीतरी उघडतो. तो पूर्ण ओढीला उघडला तर चेहरा आणि हात दोन्ही त्याच्या वाटेत असतात. दोरी व तारा किती जुन्या आहेत तेही विचारावे. साधारण दोन वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात आणि बदलण्यासाठी पाती दाबून धरणारे यंत्र लागते. ते गावोगाव मिळत नाही. त्यामुळे नव्या दोरीचा आणि ती बसवून घेण्याचा खर्च जुन्या धनुष्याच्या किमतीत आधीच मिळवून पाहावा.

मग नवे घ्यावे हे उघडच, असे वाटेल. परंतु वाढत्या वयाचे मूल असेल तर तसे नाही. कंपाउंडची ओढ ठरावीक लांबीला थांबते आणि ती शरीराच्या मापाची असावी लागते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला अडीचने भागले की ही लांबी ढोबळमानाने मिळते. १६५ सेंटिमीटर, म्हणजे ६५ इंच भरले तर ती २६ इंच येते. अर्ध्या इंचाच्या फरकानेही खांदा चुकीच्या जागी जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची ही लांबी दोन वर्षांत पार बदलते. त्याच्यासाठी एका मापात अडकलेले महागडे नवे धनुष्य म्हणजे शाळेत जाणाऱ्याला वराचा जोड शिवण्यासारखे आहे. लांबी आणि वजन मोठ्या टप्प्यात कमी-जास्त करता येणारे, निरोगी पात्यांचे वापरलेले धनुष्य या काळात शहाणपणाचे ठरते. तेही उजव्या हाताचे की डाव्या, हे पाहूनच. त्याहून लहान मुलांसाठी ‘इंडियन राउंड’चे बांबूचे धनुष्य पुरेसे आहे.

वाढ थांबली, गुण स्थिर झाले आणि राज्य स्पर्धेची पात्रता दृष्टिपथात आली की तराजू नव्याकडे झुकतो. पन्नास मीटरवरील ८० सेंटिमीटरच्या चकतीवर १५ बाणांत १५० पैकी गुण मोजले जातात. तिथे एका गुणाने सामना जातो, जसा शांघायमध्ये श्लोसरचा गेला. अशा वेळी चाकांचा मेळ रोज तोच राहणे गरजेचे असते. शिवाय बहुतेक कंपन्यांची हमी केवळ पहिल्या खरेदीदारापुरती असते, त्यामुळे वापरलेल्या धनुष्याची पाती तडकली तर भरपाई मागायला जागा उरत नाही.

पैसा अपुरा असल्यास नवे धनुष्य आणि वापरलेले जोडसाहित्य असा मध्यम मार्ग अनेक खेळाडू पत्करतात. नेमदर्शक, तोलदांडे आणि भिंग सहसा ताणाखाली नसतात. ते जुने घेण्यात धोका कमी आहे. दोरी सोडण्याचे यंत्र मात्र झिजते आणि अवचित सुटलेला बाण कोणाच्या भल्याचा नसतो, तेव्हा ते नवेच असावे. बाण जुने घेतलेच, तर प्रत्येक कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवून कानाशी न्यावा. कुरकुर ऐकू आली की तो बाण बाजूला काढून मोडून टाकावा, म्हणजे दुसरा कोणी तो चुकून दोरीला लावणार नाही.