आवाज नेमका कुठं फाटतो?

आज विषय पापड-मसाल्याचा नाही आणि हप्त्यांचाही नाही. आज आपण लाउडस्पीकरच्या आवाजाबद्दल बोलणार आहोत. आपल्यातल्या काही गटांनी भांड्यांबरोबर साउंड सेटही भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे. ज्यांनी केलेली नाही, त्यांनाही भजनाला, हळदीकुंकवाला, महिला सभेला माईक हातात घ्यावाच लागतो. म्हणून हे सगळ्यांच्याच कामाचं आहे.

आम्हाला हे कळलं ते नुकसान झाल्यावर. गटाच्या कर्जातून आम्ही एक मिक्सर, एक पॉवर ॲम्प्लिफायर, दोन मोठे बॉक्स आणि चार माईक घेतले. ॲम्प्लिफायरला आपल्याकडं मशीन म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. भजनं झाली, बारशी झाली, सगळं नीट पार पडलं. मग एका हळदीला गाण्याची पार्टी आली. त्यात गिटार वाजवणारा एक मुलगा होता. त्याच्या पायाशी बटणांची एक चपटी पेटी होती. गिटारची वायर त्या पेटीत, आणि पेटीची वायर आमच्या मिक्सरमध्ये, जिथं आम्ही रोज माईक लावतो तिथंच. त्या पेटीला प्रोसेसर म्हणतात. गिटारचा आवाज कधी गोड, कधी घुमणारा, कधी कर्कश करायचं काम ती करते.

पहिल्याच गाण्याला आवाज फाटला. आम्ही मशीनचं बटण कमी केलं. आवाज लहान झाला, पण फाटकाच राहिला. मागून लोक ओरडले, "आवाज वाढवा!" आम्ही वाढवला. तासाभरात एका बॉक्समधला बारीक आवाज देणारा वरचा भोंगा गप्प झाला. त्या दिवशी भाडं मिळालं १५०० रुपये आणि दुरुस्तीला गेले ११००. त्या महिन्याचा हप्ता आम्ही आपापल्या घरातून पैसे आणून भरला. पण त्याहून जास्त लागलं ते एक वाक्य, "हे बायकांचं काम नाही."

भोंगा घेऊन आम्ही तालुक्याच्या मेकॅनिककडं गेलो. त्यांनी आतली जळालेली तार दाखवली आणि एकच प्रश्न विचारला. "ताई, मशीन कमी केल्यावर आवाज साफ झाला होता का?" आम्ही म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग तो मशीनच्या आधीच फाटला होता."

मैत्रिणींनो, आजची सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे.

आवाज तीन टप्प्यांनी पुढं जातो. आधी माईक किंवा प्रोसेसर, मग मिक्सर, मग मशीन, आणि शेवटी बॉक्स. प्रत्येक टप्प्यावर एक बटण असतं. आपण बहुतेक जणी फक्त शेवटचं बटण फिरवतो. पण आधीच्या टप्प्यावर जे बिघडलं, ते शेवटच्या बटणानं सुधारत नाही.

धान्य मोजायचं माप डोळ्यांसमोर आणा. माप भरलं की वर शीग येते. त्या शिगेवरून हात फिरवला की वरचं धान्य खाली पडतं आणि माप सपाट होतं. आवाजाचंही असंच होतं. यंत्राच्या मापात मावेल त्याहून जास्त आवाज आला, तर त्याची शीग कापली जाते. कापलेल्या आवाजालाच आपण फाटलेला आवाज म्हणतो. एकदा कापली गेलेली शीग पुढं कुणालाही परत लावता येत नाही. शिवाय कापलेल्या आवाजात मुळात नसलेल्या बारीक, तिखट आवाजांची भर पडते. तो सगळा भार वरच्या भोंग्यावर जातो. त्याची तार केसासारखी नाजूक असते. ती तापते आणि जळते.

आता उलटं बघा. दळणात खडे तेवढेच आहेत, पण धान्यच ओंजळभर आहे. मग प्रत्येक भाकरीत कचकच लागणार. आधीच्या टप्प्यावर आवाज फार कमी ठेवला आणि मशीनवर खूप वाढवला, तर आवाजाबरोबर यंत्रातली खरखर आणि घूंऽऽ असा आवाजही वाढतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर माप भरलेलं हवं, पण शीग नको.

आमची चूक कुठं झाली ते आता सांगतो. माईकमधून येणारी वीज फार थोडी असते, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजावी अशी. प्रोसेसरमधून येणारी वीज तिच्या शंभरपटही असू शकते. आम्ही प्रोसेसर माईकच्या जागी लावला. म्हणजे पहिल्याच मापात पोतं ओतलं. मिक्सरवर अशा वाद्यांसाठी वेगळं भोक असतं, त्यावर लाईन लिहिलेलं असतं. प्रोसेसर, कीबोर्ड, मोबाईल, सगळं तिथं लावायचं.

मशीनच्या बटणाबद्दलही आमचा गैरसमज होता. बटण अर्ध्यावर म्हणजे मशीन अर्ध्या ताकदीवर चालतं, असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. ते बटण म्हणजे पाटाचं दार आहे. पाटाला पाणी कमी असेल तर दार पूर्ण उघडावं लागतं. पाटाला पूर आला असेल तर दार थोडं उघडलं तरी वाफा भरून वाहतो. मागून जोरदार आवाज येत असेल, तर बटण अर्ध्यावर असतानाही मशीन पूर्ण ताकदीला पोचतं.

आता आम्ही जशी सुरुवात करतो ती पद्धत ऐका.

पहिलं, सगळ्या वायरी जोडून झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. चालू करताना मशीन सगळ्यात शेवटी, बंद करताना मशीन सगळ्यात आधी. नाहीतर बॉक्समधून मोठा धप्प आवाज येतो आणि तोही भोंग्याला मारतो.

दुसरं, मशीन शून्यावर ठेवून वादकाला सांगायचं, "दादा, कार्यक्रमात जेवढ्या जोरात वाजवणार तेवढ्याच जोरात आता वाजवा." प्रोसेसरमध्ये वेगवेगळे आवाज भरून ठेवलेले असतात आणि ते सगळे सारखे मोठे नसतात. म्हणून सगळ्यात मोठा कोणता, तो वाजवून घ्यायचा. प्रोसेसर कशाला जोडला आहे, हे ठरवायची सोयही बऱ्याच पेट्यांत असते. आपल्या मिक्सरला जोडताना ती मिक्सर किंवा लाईनवर हवी. ती गिटारच्या स्वतःच्या स्पीकरवर राहिली, तर गांधीलमाशी घोंघावल्यासारखा आवाज येतो.

तिसरं, मिक्सरवर वर-खाली सरकणारी दांडी शून्य लिहिलेल्या खुणेवर ठेवायची आणि सगळ्यात वरचं गेनचं बटण हळूहळू वाढवायचं. हिरवा दिवा लागत राहिला पाहिजे, जोरात वाजवलं की पिवळा लागला तरी चालतो, लाल लागला की थोडं मागं यायचं.

चौथं, सगळ्यात शेवटी मशीन वाढवायचं. एकीनं मागच्या रांगेत उभं राहून हात करायचा. तिला शब्द स्पष्ट कळले की तिथंच थांबायचं. त्या जागी आम्ही बटणाशेजारी टिकली चिकटवतो. कुणी घाईत बटण फिरवलं तरी टिकली बघून परत जागेवर आणता येतं.

आणि मध्येच आवाज फाटला तर? मशीन कमी करून बघा. आवाज साफ झाला तर मशीनवर जास्त झालं होतं. नुसता लहान झाला आणि फाटकाच राहिला, तर मागं जा. मिक्सरचं गेन बघा, तिथं लाल दिवा नसेल तर प्रोसेसरचं बटण बघा.

मागं ऐकू येत नसेल तर मशीनच वाढवायला हवं असं नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. शंभर वॅटचं मशीन काढून दोनशे वॅटचं आणलं, तर मिळतात फक्त तीन. त्यापेक्षा बॉक्स लोकांच्या डोक्याच्या वर, स्टँडवर ठेवा, नाहीतर एक बॉक्स मधल्या रांगेपाशी न्या. आणि नियमही लक्षात असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. ऑर्डर घेतानाच आम्ही हे सांगून टाकतो, म्हणजे रात्री वाद होत नाही.

परवा ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेला आमचाच सेट होता. वरच्या वाडीतल्या एक आजी नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून सांगायला उठल्या. त्यांचा आवाज फार बारीक. एरवी "आजी, मोठ्यानं बोला" असं दोनदा झालं की त्या खाली बसतात. या वेळी आमच्यातल्या धाकट्या वहिनी माईक घेऊन त्यांच्याजवळ गेल्या आणि तोंडापासून चार बोटांवर धरला. मिक्सरवर बसलेलीनं त्या माईकचं गेन थोडं वाढवलं, मशीनला हातही लावला नाही. आजी त्यांच्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. मागं दाराशी उभ्या असलेल्या सदस्यांपर्यंत शब्द न शब्द पोचला आणि पाण्याचा विषय ठरावाच्या वहीत लिहिला गेला.

तुमच्या गटाकडं सेट असेल, तर पुढच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा आणि प्रत्येक बटण एकदा कमी-जास्त करून बघा. टिकल्यांचं पाकीट सोबत ठेवा.