एका जनुकाची दोन जनुकं

हिरव्या पानांत दडलेला पिकलेला टोमॅटो आपल्याला चटकन दिसतो, त्यामागे जनुकाची एक फार जुनी नक्कल आहे. लाल आणि हिरवा रंग टिपणारी आपली दोन जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी असतात. दोन्हींची प्रथिनं 364 अमिनो आम्लांची. फरक जेमतेम 15 जागांचा, आणि रंगातला बहुतेक भेद त्यातल्याही 3 जागांमुळे पडतो. इतक्या थोड्यात एवढं काम, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही नक्कल कधी झाली? संगणक माणूस, चिंपांझी, माकडं यांच्या जनुकांची अक्षरं एकाखाली एक लावतो, फरक मोजतो आणि वंशावळ काढतो. आफ्रिका-आशियातल्या माकडांत ही दोन्ही जनुकं सापडतात, दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेकांत एकच. म्हणजे या शाखा फुटल्यानंतरच नक्कल झाली, सुमारे 3 ते 4 कोटी वर्षांपूर्वी. मग प्रथिन बदलणारे आणि न बदलणारे फरक वेगवेगळे मोजतात. पहिल्यांचा वेग जास्त निघाला, तर तिथे नैसर्गिक निवडीचा हात असतो.

खरी गोची पुढे आहे. शेजारची ही जुळी जनुकं एकमेकांचे तुकडे उचलतात, त्यामुळे ती आहेत त्यापेक्षा तरुण भासतात. म्हणून अख्ख्या जनुकाच्या एकाच वंशावळीवर विसंबू नये. ती तुकड्यातुकड्याने काढलेलीच बरी.