धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा



गेल्या हंगामात एक सभासद भल्या सकाळी गट ऑफिसात आले. "साहेब, माझी तोड आधी धरा." त्यांचा खोडवा अजून कच्चा, क्रमपाळी यायला महिना बाकी. मी नियम सांगू लागलो तर म्हणाले, "मंडळींना ॲडमिट केलंय. डिपॉझिट भरल्याबिगर आपरेशन करत न्हाईत." तोड काही देता आली नाही. पाहुण्यांकडून हातउसने घेऊन त्यांनी पैसे भरले. पुढे कळले की रुग्णालय धर्मादाय नोंदणीचे होते. या गृहस्थांची जमीन दीड एकर. ज्या खाटेवर हक्क होता, तीच त्यांनी कर्ज काढून घेतली.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून लागू आहे. इतर रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. अलीकडच्या मर्यादेप्रमाणे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तो निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल. तातडीच्या रोग्याला तर अनामत न मागता दाखल करून घ्यायचे आहे.

मग अडते कुठे? देखरेख धर्मादाय कार्यालयाकडे. पण खाटा किती रिकाम्या, निधी किती खर्चला, हे कळवायचे रुग्णालयानेच. आपल्या काट्याचेच बघा. कारखान्याने "काटा बरोबर आहे" असे लिहून दिले तर आपण मानू का? म्हणून तर भरारी पथक न सांगता येते, भरलेली गाडी परत वजनावर घालते. तसेच इथे व्हावे. न कळवता वॉर्डात जावे, खाटेवरच्या रोग्याला विचारावे, निधीचे खाते बाहेरच्या हिशेबनिसाकडून तपासावे, आणि राखीव खाटांचा आकडा दारातल्या फलकावर रोज लिहायला लावावा. या कामाला धर्मादाय कार्यालयाला माणसेही द्यावी लागतील. एकाच निरीक्षकाने अख्खा जिल्हा फिरायचा म्हटले तर ते कागदावरच राहणार.

दुसरी बाजूही सांगतो, राग मानू नये. दहा एकर बागायत असून कमी उत्पन्नाचा दाखला मिळवणारे आपल्यातही आहेत. ते त्या दीड एकरवाल्याचीच खाट घेतात.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून रेशनकार्डासोबत ठेवा. मुदत संपली की नवा घ्या. रुग्णालयात गेल्यावर प्रथम तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा आणि राखीव खाटेसाठी लेखी अर्ज द्या. खाट नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. तो कागद धर्मादाय कार्यालयात तक्रारीला लागतो.

जिल्ह्यातील अशा रुग्णालयांची यादी गट ऑफिसात लावली आहे. एकेक प्रत चिटबॉयकडेही दिली आहे.

— ऊस विकास अधिकारी