सरकारी मनोविकार सेवा: कारभार कोणाचा, पैसा कोणाचा?

महाराष्ट्रातली घडी

• आरोग्य हा राज्याचा विषय. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये राज्याचा आरोग्य विभाग चालवतो.

• राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढायचा, मनोविकार ओपीडीत दाखवायचे, गोळ्या तिथल्याच खिडकीवर. निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा: केंद्र ६० टक्के, राज्य ४०.

• स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्राचे अनुदान मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. रुग्ण एकच, फाइल वेगळी.

• २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा: सरकारी मनोविकार उपचार हा हक्क. विमाही शारीरिक आजारांप्रमाणेच.

• टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, चोवीस तास, मराठीतही.