शेकर हाइट्स : एका अमेरिकन उपनगराची वस्ती आणि शाळा

ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर ओहायो राज्यातील क्लीव्हलंड हे शहर वसलेले आहे. सरोवरालगतची सपाट जमीन सोडून आपण आग्नेयेकडे निघालो की काही मैलांतच चढ लागतो. अॅपलाचियन पठाराची ही कड होय. ती चढून गेल्यावर, शहराच्या मध्यभागापासून सुमारे आठ मैलांवर, सरोवराच्या पातळीपेक्षा चार-पाचशे फूट उंचीवर शेकर हाइट्स हे उपनगर लागते. क्षेत्रफळ केवळ सव्वासहा चौरस मैल. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २९,४३९. हिवाळ्यात सरोवरावरून येणारे बाष्पयुक्त वारे ह्या उंचवट्याला अडतात आणि खालच्या शहरात नुसती भुरभुर होत असता येथे बर्फाचे थर साचतात. मात्र एके काळी खाली कायहोगा नदीच्या खोऱ्यात पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस धूर ओकीत, तेव्हा हीच उंची सुखवस्तू क्लीव्हलंडकरांना स्वर्गासारखी वाटे.

आपल्याकडे उपनगर म्हणजे मोठ्या शहराची एक पेठ अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील उपनगर हे बहुधा स्वतंत्र गाव असते. त्याचा नगराध्यक्ष वेगळा, पोलीस वेगळे आणि मुख्य म्हणजे शाळा वेगळ्या. ह्या शाळांचा कारभार गावच्या नगरपालिकेकडेही नसतो. त्यासाठी नागरिकांनी निवडून दिलेले स्वतंत्र शाळामंडळ असते. त्याची हद्द निराळी आणि त्याचा करही निराळा. शेकर हाइट्सच्या शाळामंडळाच्या हद्दीत क्लीव्हलंड शहराचाही एक लहानसा तुकडा येतो. ही हद्द वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीत तिला फार महत्त्व आहे.

गावाला हे नाव मिळाले ते शेकर पंथीयांमुळे. उपासनेच्या वेळी अंग थरथरवून नृत्य करणारा हा ख्रिस्ती पंथ. १८२२ साली त्यांनी येथे आपली वसाहत स्थापन केली. सर्व मालमत्ता सामाईक, स्त्रीपुरुषांचा दर्जा समान, आणि ब्रह्मचर्य सर्वांना सक्तीचे. डोन ब्रुक नावाच्या ओढ्याला बांध घालून त्यांनी पाणचक्क्यांसाठी तळी निर्माण केली. नवे लोक दीक्षा घेईनासे झाले आणि पंथात मुले तर जन्माला येत नव्हती. तेव्हा व्हायचे तेच झाले. १८८९ साली उरलेली थोडी वृद्ध मंडळी दुसऱ्या वसाहतींत निघून गेली आणि जमीन विक्रीस निघाली.

मौज अशी की ब्रह्मचाऱ्यांची ही भूमी पुढे दोन अविवाहित भावांच्या हाती आली. ओरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंजन हे ते बंधू. १९०५ च्या सुमारास त्यांनी जमीन घेण्यास आरंभ केला. गावाचा संपूर्ण आराखडा आधी कागदावर तयार झाला. रस्ते ओढ्याच्या वळणाप्रमाणे वळवले. कारखान्यांना मज्जाव केला. घर कोणत्या धाटणीचे असावे, रस्त्यापासून किती मागे असावे, ह्याचे नियम ठरवले आणि शाळांसाठी जागा आधीच राखून ठेवल्या. पण इतक्या दूर राहावयास येणार कोण? म्हणून शहरापर्यंत विजेची गाडी नेण्याचे त्यांनी ठरवले. मार्गासाठी हवी असलेली जमीन एका रेल्वे कंपनीच्या ताब्यात होती, तर १९१६ साली त्यांनी ती ‘निकेल प्लेट’ कंपनीच विकत घेतली! १९२० साली गाडी सुरू झाली आणि तिच्यामागून वस्ती आली. १९२० मध्ये १,६१६ लोकांचे असलेले हे खेडे १९३० मध्ये १७,७८३ लोकवस्तीचे झाले. १९३० नंतरच्या महामंदीत बंधूंचे रेल्वे साम्राज्य कोसळले. १९३५ आणि १९३६ साली एकामागून एक दोघेही निवर्तले. त्यांचे गाव मात्र वाढत राहिले.

ह्या आखीव-रेखीव गावाच्या खरेदीखतांत आणखी एक कलम होते. घरमालकाला आपले घर विकावयाचे झाल्यास कंपनीची किंवा आसपासच्या मालकांची संमती घ्यावी लागे. कलमात कोणत्याही वंशाचे नाव घेतलेले नव्हते. परंतु संमती कोणाला मिळावयाची नाही हे सर्वांस ठाऊक होते. कृष्णवर्णीय कुटुंबांना दार बंद होते, आणि ज्यू व कॅथलिकांनाही ते सहजी उघडत नसे. अशी वंशभेदी कलमे न्यायालयांतून अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. कागदावरची भिंत पडली तरी मनातली पडावयास वेळ लागतो. १९५६ च्या जानेवारीत गावाच्या सीमेवरील लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाचे घर बांधून होत आले असता त्याच्या मोटारखान्यात बाँबस्फोट करण्यात आला.

लडलो मोहल्ल्याचा काही भाग शेकर हाइट्समध्ये आणि काही क्लीव्हलंड शहरात. मघाशी सांगितलेली शाळामंडळाची हद्द ती हीच. दोन्ही बाजूंची मुले एकाच लडलो शाळेत जात. अमेरिकन शहरांत त्या काळी एक ठरीव क्रम दिसे. गोऱ्या मोहल्ल्यात एक कृष्णवर्णीय कुटुंब आले की घरांचे दलाल शेजाऱ्यांना भीती घालीत : आता किमती पडणार, तेव्हा आजच विका. घाबरून विकलेली घरे ते स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना महाग विकत. पाच-दहा वर्षांत सारा मोहल्ला पालटे आणि दलालाचे दोन्हीकडून भले होई. स्फोटानंतर लडलोत मात्र निराळे घडले. गोरे आणि कृष्णवर्णीय शेजारी एकमेकांच्या बैठकीच्या खोल्यांत जमू लागले. १९५७ साली त्यांनी लडलो कम्युनिटी असोसिएशन ही संस्था स्थापन केली. दलाल गोऱ्या गिऱ्हाइकांना हा भाग दाखवीतच नसत, म्हणून मंडळी स्वतःच घरे दाखवू लागली. पैशाची अडचण असलेल्यांना कर्ज मिळवून देण्याची तजवीजही संस्थेने केली.

ह्या प्रयत्नाला एक दुखरी बाजू होती. मोहल्ला मिश्र ठेवावयाचा तर गोरी गिऱ्हाइके मुद्दाम शोधून आणावी लागत. ओघानेच कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाचे स्वागत तितक्या उत्साहाने होत नसे. वर्षानुवर्षे दारे बंद असलेल्या माणसाला, आता दार उघडले आहे पण जरा थांबा, असे सांगणे न्यायाचे कसे ठरावे? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो योग्यच होता. माझ्या मते त्याला समाधानकारक उत्तर नाही. एवढे म्हणता येईल की दुसरा मार्ग आजूबाजूच्या बहुतेक वस्त्यांत दिसत होता आणि त्याचा शेवटही दिसत होता.

जनगणनेचे आकडे पाहिले तर ह्या खटाटोपाचे फळ कळते. १९६० साली गावची वस्ती ३६,४६० होती आणि तीत शंभरात एखादाच कृष्णवर्णीय होता. १९७० साली हे प्रमाण साडेचौदा टक्क्यांच्या आसपास गेले. २०१० मध्ये ते सुमारे ३७ टक्के होते, तर गोऱ्यांचे सुमारे ५५. म्हणजे अर्ध्या शतकात गाव बदलले, पण पालटले नाही. ह्याच काळात क्लीव्हलंड शहराची वस्ती १९५० च्या ९,१४,८०८ वरून २०२० मध्ये ३,७२,६२४ वर घसरली, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व अधिकच पटते.

गाव मिश्र झाले तरी शाळा आपोआप मिश्र होत नाहीत. शेकर हाइट्समध्ये नऊ प्राथमिक शाळा होत्या आणि प्रत्येक मोहल्ल्याची मुले आपापल्या शाळेत चालत जात. त्यामुळे १९७० च्या सुमारास मोरलंड शाळेत बहुतेक मुले कृष्णवर्णीय, तर दूरच्या मर्सर शाळेत जवळजवळ सारी गोरी, अशी स्थिती झाली. मोरलंडची मुले बसने इतर शाळांत पाठवावी, अशी योजना शिक्षणाधिकाऱ्यांनी मांडली. तेव्हा अनेक पालकांनी आक्षेप घेतला की प्रवासाचा त्रास एकाच बाजूने का सोसावा? काही गोरी कुटुंबे आपली मुले मोरलंडला पाठवावयास आपण होऊन तयार झाली, आणि १९७० साली दुतर्फा पण ऐच्छिक अशी योजना सुरू झाली. बोस्टन शहरात १९७४ साली अशाच बसगाड्यांवर दगडफेक झाली, आणि शेजारच्या क्लीव्हलंडमध्ये १९७९ पासून न्यायालयाच्या हुकमाने मुलांची ने-आण करावी लागली. शेकर हाइट्समध्ये न्यायालयाचा हुकूम नव्हता.

ऐच्छिक योजनेचा जोर कालांतराने ओसरला आणि मुलांची संख्याही घटली. तेव्हा १९८७ साली शाळामंडळाने कठोर निर्णय घेतला. नऊपैकी लडलो, मोरलंड, मॅलव्हर्न आणि ससेक्स ह्या चार शाळा बंद केल्या आणि उरलेल्या पाचांच्या हद्दी अशा आखल्या की प्रत्येक शाळेत दोन्ही वंशांची मुले यावीत. पाचवी-सहावीसाठी सबंध गावाची एकच शाळा, सातवी-आठवीसाठी एक, आणि पुढे एकच माध्यमिक शाळा. ज्या लडलो शाळेसाठी एवढा झगडा झाला तीच बंद व्हावी, ह्याचे त्या मोहल्ल्याला साहजिकच दुःख झाले. मोरलंड शाळेच्या इमारतीत पुढे गावचे सार्वजनिक ग्रंथालय आले.

ह्या शाळांना पैसा कोठून मिळतो? राज्य सरकारचा वाटा असतो, पण मोठा भार स्थानिक मालमत्ता करावर. कारखाने नाहीत आणि मोठा बाजारही नाही, तेव्हा तो घरमालकांवरच पडतो, आणि शेकर हाइट्सचा कर ओहायो राज्यात अतिशय जड म्हणून प्रसिद्ध आहे. शिवाय १९७६ सालच्या एका राज्य कायद्यामुळे घरांच्या किमती वाढल्या तरी मतदारांनी मंजूर केलेल्या शाळाकराचे उत्पन्न त्या मानाने वाढत नाही. दर काही वर्षांनी शाळामंडळाला पुन्हा मतदारांपुढे जावे लागते. घराची किंमत शाळेवर आणि शाळेचा पैसा घराच्या किमतीवर, असे हे चक्र आहे. गरीब गावात ते उलटे फिरते. शाळांसाठी मालमत्ता करावर इतके अवलंबून राहणे राज्यघटनेशी विसंगत आहे, असा निकाल ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.

चांगल्या शाळा, मुबलक खर्च आणि एकाच छपराखाली सारी मुले. मग प्रश्न सुटावयास हवा होता. पण वर्गाचे दार उघडून पाहिले की निराळेच दृश्य दिसे. मुलांची वाटणी कुवतीप्रमाणे निरनिराळ्या वर्गांत केली जाई. वरच्या अभ्यासक्रमाच्या वर्गांत बहुतेक गोरी मुले आणि साध्या वर्गांत बहुतेक कृष्णवर्णीय. शाळा एक, पण जिन्याने वर जाणारे आणि खाली उतरणारे वेगळे! ह्या तफावतीचे कारण शोधण्यासाठी काही कृष्णवर्णीय पालकांनी १९९७ साली कॅलिफोर्नियातील मानवशास्त्रज्ञ जॉन ओग्बू ह्यांना बोलावले. ओग्बू जन्माने नायजेरियन. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शाळेच्या त्रुटी नोंदवूनही त्यांनी मुलांच्या अभ्यासाकडे पाहण्याच्या वृत्तीवर आणि घरच्या लक्षावर बोट ठेवले. पालक दुखावले; विद्वानांतही वाद माजला. हार्वर्ड विद्यापीठाच्या रोनाल्ड फर्ग्युसन ह्यांनी ह्याच शाळांतील पाहणीवरून दाखवले की एकाच वर्गातील कृष्णवर्णीय मुले गृहपाठाला गोऱ्या मुलांपेक्षा कमी वेळ देत नाहीत. मात्र पुरा झालेला गृहपाठ कमी असतो. म्हणजे उणीव इच्छेची नसून आधीच्या तयारीची आणि मदतीची असावी. हे निदान मला अधिक पटते. ज्या घरात पहिल्या पिढीलाच पुस्तके मिळाली, तेथील मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या वहीजवळ बसून पाहावे हे बरे.

विद्यार्थ्यांनीही हात जोडून वाट पाहिली नाही. १९९० साली माध्यमिक शाळेत ‘मॅक स्कॉलर्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात अभ्यासात पुढे असलेले वरच्या वर्गातील कृष्णवर्णीय विद्यार्थी धाकट्या मुलांना हाताशी धरीत. आपल्या जुन्या शाळांतही थोरली मुले धाकट्यांना पाढे घोकवून घेत; त्याची येथे आठवण होते.

२०२० साली शाळामंडळाने आणखी एक पाऊल उचलले. पाचवी ते नववी ह्या इयत्तांतील बहुतेक विषयांत मुलांची वरचे आणि खालचे अशी वाटणी बंद करून सर्वांना वरच्या पातळीचाच अभ्यासक्रम एकत्र शिकवावयाचे ठरले. योगायोग असा की ते करोना साथीचे वर्ष. मुले घरी, शिक्षक पडद्यावर. हुशार मानलेली आणि मागे पडलेली मुले प्रथम एकत्र आली ती पडद्यावरील चौकटींतून. आपल्या मुलाची गती खुंटेल, अशी धास्ती काही पालकांना वाटली. आपले मूल अवघड वर्गात नुसते बसवले आहे, हात देणारे कोणी नाही, अशी दुसऱ्या काहींची तक्रार. शिक्षकांना एकाच तासात दोन-तीन तऱ्हांची तयारी असलेल्या मुलांना शिकवण्याची नवी रीत शोधावी लागली, आणि बहुतेकांना ती शिकावयास वेळ मिळालेला नव्हता.